गॉल्फ पात्रता स्पर्धा, व्यावसायिक

व्यावसायिक गॉल्फपटूंच्या वार्षिक स्पर्धामालिकेत खेळण्याचा हक्क मिळविण्यासाठी घेतली जाणारी निवड स्पर्धा. अशा स्पर्धामालिकेस ‘टूर’ व तीत खेळण्याच्या वार्षिक परवान्यास ‘टूर कार्ड’ असे म्हणतात. अमेरिकेत ही निवड स्पर्धा १९६५ पासून ‘क्वालिफाइंग स्कूल’ किंवा संक्षेपाने ‘क्यू-स्कूल’ या नावाने ओळखली जाते. क्रिकेट, हॉकी इ. सांघिक खेळांत खेळाडूची निवड समितीमार्फत होते आणि निवड झाल्यावर त्याचे मानधन निश्चित असते. गॉल्फमध्ये अशी समिती नसते व वेतनही नसते. प्रवासखर्च, राहण्याचा खर्च, कॅडीचे वेतन हे सर्व खेळाडूने स्वतः सोसावयाचे असते आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर होणाऱ्या छाटणीत तो बाद झाला, तर सामान्यतः त्याच्या हाती काहीही पडत नाही. असे असूनही या स्पर्धामालिकेत जागा मिळविण्यासाठी शेकडो खेळाडू दर वर्षी झगडतात. पात्रता स्पर्धेचा इतिहास हा मुख्यतः त्या जागांच्या वाटपाचा इतिहास आहे.

जागा मर्यादित असण्याचे मूळ कारण अगदी साधे आहे. १८ होलांची एक फेरी पूर्ण होण्यास चार ते पाच तास लागतात. खेळाडू तिघातिघांच्या गटाने ठरावीक अंतराने सोडले, तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एका मैदानावर सु. १५० हून अधिक खेळाडूंना फेरी पुरी करता येत नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाला, की ही संख्या आणखी घटते. तेव्हा पारितोषिकाची रक्कम कितीही वाढली, तरी खेळाडूंची संख्या त्या प्रमाणात वाढविता येत नाही. कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर ठेवावयाचे, हा प्रश्न मग अटळ ठरतो. [⟶ गॉल्फ].

अमेरिकेतील व्यावसायिक गॉल्फपटूंची संघटना—प्रोफेशनल गॉल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका (पीजीए)—१९१६ मध्ये स्थापन झाली. तिचे बहुसंख्य सभासद हे गॉल्फ क्लबांत नोकरी करणारे प्रशिक्षक होते. सभासदांना खेळ शिकविणे, काठ्या विकणे व दुरुस्त करणे हा त्यांचा चरितार्थ असे. हिवाळ्यात उत्तरेकडील क्लब बर्फामुळे बंद पडत, तेव्हा हे प्रशिक्षक दक्षिणेकडील व पश्चिमेकडील उबदार राज्यांत भरणाऱ्या स्पर्धांत भाग घेत. या हिवाळी भटकंतीतूनच पुढे वर्षभर चालणारी स्पर्धामालिका आकारास आली. या काळात स्वतंत्र अशी पात्रता परीक्षा नव्हती. संघटनेने मान्य केलेला खेळाडू गावोगाव फिरे. ज्यांना थेट प्रवेशाचा हक्क नसे, ते प्रत्येक स्पर्धेच्या आधी, बहुधा सोमवारी, होणाऱ्या एक दिवसाच्या फेरीत खेळून त्या आठवड्यापुरती जागा मिळवीत.

संघटनेची मान्यता मात्र सर्वांना मिळत नसे. १९३४ मध्ये पीजीएने आपल्या घटनेत सभासदत्व केवळ गौरवर्णीयांपुरते मर्यादित ठेवणारे कलम घातले. त्याचा परिणाम काय होत असे, हे १९४८ मधील एका घटनेवरून स्पष्ट होते. त्या वर्षी जानेवारीत लॉस अँजेल्स ओपन स्पर्धेत बिल स्पिलर व टेड ऱ्होड्स हे कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्या साठांत आले. तत्कालीन नियमानुसार पहिल्या साठांना पुढील स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळे. ही स्पर्धा कॅलिफोर्नियातीलच रिचमंड येथे होती. मॅडिसन गंटर हा तिसरा कृष्णवर्णीय खेळाडू तिच्या स्थानिक पात्रता फेरीतून पात्र ठरला होता. तिघेही तेथे सरावासाठी उतरले असता, ते पीजीएचे सभासद नसल्याने त्यांना खेळता येणार नाही असे कळविण्यात आले. त्यांना सभासद होता येत नाही, याचे कारण पीजीएचेच कलम होते. त्यांनी ३,१५,००० डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. यापुढे भेदभाव केला जाणार नाही, या आश्वासनावर तो मागे घेण्यात आला. त्यानंतर अनेक स्पर्धांच्या नावातील ‘ओपन’ हा शब्द गळून त्यांना ‘इन्व्हिटेशनल’ म्हणजे निमंत्रितांच्या स्पर्धा असे म्हटले जाऊ लागले. निमंत्रण कोणास द्यावयाचे हे संयोजकांच्या हाती असल्यामुळे दिलेल्या आश्वासनास काहीच अर्थ उरला नाही. कॅलिफोर्निया राज्याचे महान्यायवादी स्टॅन्ली मॉस्क यांनी हा प्रश्न धसास लावला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये पीजीएने ते कलम रद्द केले. पात्रतेचे नियम कागदावर कितीही चोख असले, तरी प्रवेशाचा अंतिम अधिकार कोणाकडे आहे यावरच त्यांचे मोल ठरते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पात्रता शाळा : १९५० नंतर दूरचित्रवाणीमुळे गॉल्फचा प्रेक्षकवर्ग व पारितोषिकांच्या रकमा झपाट्याने वाढल्या. आर्नल्ड पामरसारख्या लोकप्रिय खेळाडूंमुळे विद्यापीठांतून बाहेर पडणारे तरुण क्लबातील नोकरीऐवजी थेट स्पर्धांकडे वळू लागले. सोमवारच्या फेऱ्यांत गर्दी मावेनाशी झाली. यावर उपाय म्हणून पीजीएने १९६५ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच गार्डन्स येथे पहिली पात्रता स्पर्धा घेतली. ४९ उमेदवारांनी १४४ होल, म्हणजे आठ फेऱ्या खेळल्या आणि त्यांतील १७ जणांना कार्डे मिळाली. तिला ‘शाळा’ हे नाव उपहासाने पडलेले नव्हते. खेळाबरोबरच उमेदवारांना वर्गात बसवून खेळाचे नियम, शिष्टाचार व व्यावसायिकाची कर्तव्ये यांचे पाठ दिले जात. वर्ग पुढे नाहीसे झाले. नाव मात्र टिकले. या पहिल्या परीक्षेत जॉन श्ली हा प्रथम आला. ग्रहमानावर विश्वास ठेवणारा खेळाडू म्हणून तो पुढे प्रसिद्धीस आला आणि १९७३ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत त्याने दुसरा क्रमांक पटकावला. १९६७ च्या परीक्षेतून ली एल्डर हा कृष्णवर्णीय खेळाडू उत्तीर्ण झाला. १९७५ मध्ये मास्टर्स स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय हा मान त्याला मिळाला. फटक्यांची बेरीज हाच एकमेव निकष मानणारी परीक्षा निमंत्रणपद्धतीपेक्षा न्याय्य होती, हे मान्य करावे लागते. तथापि परीक्षेपर्यंत पोहोचण्यास लागणारा पैसा व सराव ज्यांना उपलब्ध नव्हता, त्यांच्यासाठी ती फारसे काही करू शकली नाही.

१९६८ मध्ये दूरचित्रवाणीचे उत्पन्न व स्पर्धांवरील नियंत्रण यांवरून फिरते खेळाडू आणि क्लबांतील प्रशिक्षक यांच्यात फूट पडली. खेळाडूंनी वेगळी संघटना काढली आणि काही काळ दोन्ही पक्षांनी स्वतंत्र पात्रता स्पर्धा घेतल्या. वर्षअखेरीस तडजोड होऊन पीजीएच्या अंतर्गत पण स्वायत्त असा स्पर्धाविभाग निर्माण झाला. त्याचे पहिले आयुक्त जोसेफ डे व १९७४ पासून डीन बीमन हे होत. हाच विभाग पुढे ‘पीजीए टूर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तेव्हापासून पात्रता स्पर्धेचे नियम, ज्यांनी आत जागा मिळविलेली आहे अशा खेळाडूंच्या संघटनेकडूनच ठरू लागले. पुढील अर्धशतकातील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

सत्तरच्या दशकात काही वर्षी परीक्षा वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात होई. टॉम वॉटसन (१९७१) व टॉम काइट (१९७२) यांच्यासारखे नामवंत तीतूनच पुढे आले. १९७३ मध्ये बेन क्रेनशॉ याने ती तब्बल १२ फटक्यांच्या आघाडीने जिंकली आणि लगोलग सॅन अँटोनिओ-टेक्सस ओपन स्पर्धाही जिंकली. परंतु क्रेनशॉचे उदाहरण अपवादात्मक होते. त्या काळी कार्ड मिळणे म्हणजे स्पर्धेत जागा मिळणे नव्हे, तर सोमवारच्या फेरीत उतरण्याचा हक्क मिळणे एवढेच होते. मागील वर्षी सर्वाधिक रक्कम मिळविणाऱ्या पहिल्या साठ खेळाडूंना व काही विजेत्यांना या फेरीतून सूट असे. आदल्या आठवड्यात छाटणीतून वाचलेल्यांनाही ती लागत नसे. उरलेले सर्व जण रविवारी रात्रभर मोटार हाकून पुढच्या गावी पोहोचत, सोमवारी मोजक्या जागांसाठी खेळत आणि जागा न मिळाल्यास आठवडाभर रिकामे राहून पुढच्या सोमवारची वाट पाहत. गावोगाव उड्या मारणाऱ्या या खेळाडूंना ‘ससे’ असे नाव पडले होते. आठवडेच्या आठवडे एकही अधिकृत फेरी खेळावयास न मिळालेल्या खेळाडूचा खेळ सुधारणार कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. गॅरी मॅकॉर्ड या खेळाडूने या पद्धतीविरुद्ध सहकाऱ्यांचे मत संघटित केले आणि १९८३ पासून सर्व कार्डधारकांना मुभा देणारी नवी पद्धत अमलात आली. मागील वर्षीच्या मिळकतीनुसार पहिल्या १२५ खेळाडूंचे कार्ड कायम राही. त्याखालच्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागे. सोमवारच्या फेऱ्या उरल्या, पण प्रत्येक स्पर्धेत मूठभर जागांपुरत्याच. यामुळे पात्रता स्पर्धेचे महत्त्व एकदम वाढले. पूर्वी तीत यश मिळविणारा सोमवारच्या रांगेत उभा राही. आता त्याची वर्षभराच्या रोजगाराची तरतूद होऊ लागली. १९८२ पासून ती वर्षातून एकदाच होऊ लागल्याने, एक फटका हुकल्यास पूर्ण वर्ष थांबण्याची पाळी येई.

परीक्षेचे स्वरूप : प्रस्थापित झालेल्या पद्धतीत तीन टप्पे होते. पहिले दोन टप्पे प्रत्येकी ७२ होलांचे व अंतिम टप्पा १०८ होलांचा, म्हणजे लागोपाठ सहा दिवस सहा फेऱ्यांचा असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रवेशशुल्क ३,००० डॉलर होते व अर्जासोबत दोन शिफारसपत्रे लागत. पहिल्या टप्प्यात हजाराहून अधिक उमेदवार उतरत, त्यांतील सु. १६८ अंतिम टप्प्यास पोहोचत आणि त्यांतील सु. एकचतुर्थांशांना कार्ड मिळे. नेहमीच्या स्पर्धेत पहिल्या व दहाव्या क्रमांकांत मिळकतीचा फरक असतो. येथे शेवटची कार्डे मिळविणारे आणि त्यांच्यामागून येणारा पहिला खेळाडू यांच्यातील एका फटक्याच्या फरकावर सर्व काही अवलंबून असे. त्यामुळे मुख्य स्पर्धांत निर्भयपणे खेळणारे खेळाडूही येथे चार फुटांवरचा चेंडू ढकलताना कचरत.

मॅक ओग्रेडी याला सतराव्या प्रयत्नात, १९८२ मध्ये, कार्ड मिळाले. पुढे त्याने टूरवरील दोन स्पर्धा जिंकल्या. कर्टिस स्ट्रेंज १९७६ मध्ये एका फटक्याने हुकला, पुढील वसंतात उत्तीर्ण झाला आणि १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे यू. एस. ओपनचा विजेता ठरला. जपानमध्ये अनेक वर्षे खेळलेल्या टॉड हॅमिल्टन याने २००३ मध्ये कार्ड मिळविले व दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमधील ओपन अजिंक्यपद पटकावले. याउलट २००० साली कॅलिफोर्नियात जो डेली याचा सु. चार फुटांवरून मारलेला चेंडू खळग्यात पडला आणि आतील नळकांड्याच्या कडेला आपटून पुन्हा बाहेर उडाला. अखेर डेलीचे कार्ड एका फटक्याने हुकले. या स्पर्धेचा उल्लेख निघाला, की हा प्रसंग आजही सांगितला जातो. टायगर वुड्स व फिल मिकल्सन यांना मात्र ही परीक्षा कधीच द्यावी लागली नाही. मिकल्सनने १९९१ मध्ये हौशी खेळाडू असतानाच टूरवरील स्पर्धा जिंकली, तर वुड्सने १९९६ मध्ये पुरस्कर्त्यांच्या निमंत्रणावर मोजक्या स्पर्धा खेळून त्यांतील विजयांद्वारे आपले स्थान पक्के केले.

केसी मार्टिन खटला : पात्रता स्पर्धेमुळे एक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्नही उपस्थित झाला. केसी मार्टिन या खेळाडूच्या उजव्या पायात जन्मतः रक्ताभिसरणाचा असाध्य विकार होता. अठरा होलांची फेरी चालून पूर्ण करणे त्याला वेदनादायक व धोक्याचे होते. १९९७ च्या परीक्षेत पहिल्या दोन टप्प्यांत सर्वांनाच मोटारगाडी वापरण्याची मुभा होती, परंतु अंतिम टप्प्यात ती नव्हती. मार्टिनची सवलतीची विनंती टूरने नाकारली, तेव्हा त्याने अपंगांना संरक्षण देणाऱ्या १९९० च्या अमेरिकन कायद्याखाली दावा लावला. चालण्याने येणारा थकवा हा स्पर्धेचा अविभाज्य भाग आहे व गाडी वापरणाऱ्यास अन्याय्य लाभ होईल, असे टूरचे म्हणणे होते. जॅक निक्लाउस व आर्नल्ड पामर यांनीही त्याच आशयाची साक्ष दिली. मार्टिनच्या बाजूने, पाच तासांत सु. आठ किमी. चालण्यास केवळ ५०० कॅलरी उष्मांक खर्च होतो, असा शरीरक्रियाविज्ञानाचा पुरावा पुढे आला. २९ मे २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मार्टिनच्या बाजूने निर्णय दिला. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, फटके मारून चेंडू खळग्यात घालणे हे खेळाचे सार असून चालणे हे नव्हे. शिवाय शुल्क भरणाऱ्या कोणासही परीक्षेस बसता येत असल्यामुळे ही स्पर्धा सार्वजनिक सेवेच्या व्याख्येत येते. पात्रता स्पर्धा सर्वांना खुली आहे हे टूरचे भूषण होते आणि तेच न्यायालयात तिच्या विरुद्ध गेले.

परिवर्तन : १९९० मध्ये टूरने ‘बेन होगन टूर’ ही दुय्यम स्पर्धामालिका सुरू केली. पुरस्कर्ते बदलत गेले तसे तिचे नावही बदलत गेले आणि २०१९ पासून ती ‘कॉर्न फेरी टूर’ या नावाने चालते. तीतील वर्षभराच्या कामगिरीवर अधिकाधिक कार्डे दिली जाऊ लागली व परीक्षेतून मिळणारी कार्डे त्या प्रमाणात घटली. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी सु. ५० कार्डे देणाऱ्या परीक्षेत पुढे पहिले २५ व त्यांच्या बरोबरीचे खेळाडू एवढ्यांनाच प्रवेश उरला. डिसेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील ला किंता येथे जुन्या पद्धतीची अखेरची परीक्षा झाली. तीत दक्षिण कोरियाचा ली डाँग-ह्वान पहिला आला. त्यानंतर तीतून केवळ दुय्यम मालिकेतच प्रवेश मिळू लागला. सहा दिवसांच्या खेळापेक्षा वर्षभराची कामगिरी हा गुणवत्तेचा अधिक विश्वासार्ह पुरावा आहे, हा टूरचा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण त्यामुळे दुय्यम मालिकेचा पुरस्कर्ता मिळविणे व टिकविणेही सुलभ झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०२३ मध्ये पहिल्या पाच व त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंना थेट कार्ड देण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा हॅरिसन एन्डिकॉट पहिला आला. तथापि नोव्हेंबर २०२४ मध्ये टूरने २०२६ च्या हंगामापासून कार्ड कायम राहणाऱ्यांची संख्या १२५ वरून १०० वर आणण्याचे, परीक्षेतील कार्डे बरोबरीची सवलत न देता पाचच ठेवण्याचे व सोमवारच्या जागाही कमी करण्याचे ठरविले. अंधार पडण्यापूर्वी फेऱ्या पूर्ण होत नाहीत, हे त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक होते.

इतर देश : अमेरिकेतील महिलांच्या एलपीजीए या संघटनेने १९७३ मध्ये, तर यूरोपीय टूरने १९७६ मध्ये पात्रता स्पर्धा सुरू केली. भारतीय व्यावसायिकांना परदेशी जाण्याचा मार्ग प्रथम याच परीक्षांनी खुला करून दिला. जीव मिल्खा सिंग हा १९९७ च्या परीक्षेतून यूरोपीय टूरचा पहिला भारतीय सभासद झाला. बंगलोरच्या अदिती अशोक हिने डिसेंबर २०१५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी मोरोक्कोत झालेली यूरोपीय महिलांची पात्रता स्पर्धा जिंकली व दुसऱ्याच वर्षी महिलांची इंडियन ओपन स्पर्धाही जिंकली. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीने २०१५ मध्ये अमेरिकेतील कार्ड मिळविले ते परीक्षेतून नव्हे, तर तिच्या जागी आलेल्या दुय्यम मालिकेच्या अंतिम स्पर्धांतून. भारतातही २००६ मध्ये स्थापन झालेल्या प्रोफेशनल गॉल्फ टूर ऑफ इंडिया या संस्थेतर्फे दर वर्षी पात्रता स्पर्धा होते.

अमेरिकेतील परीक्षा उत्तीर्ण होणारा पहिला भारतीय म्हणजे आसनसोल येथे जन्मलेला व कलकत्त्यात खेळ शिकलेला अर्जुन अटवाल. डिसेंबर २००३ मध्ये त्याने पहिल्या दहांत येऊन कार्ड मिळविले. पुढे खांद्यांच्या दुखापतींमुळे त्याचा खेळ खंडित झाला. वैद्यकीय कारणास्तव मिळालेली मुदतही जुलै २०१० मध्ये संपली व त्याचे सभासदत्व गेले. ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्झबरो येथे होणाऱ्या विंडम चँपियनशिप स्पर्धेसाठी तो सोमवारच्या पात्रता फेरीत उतरला व पात्र ठरला. पहिल्या दिवशी ६१ फटक्यांत फेरी पुरी करून त्याने आघाडी घेतली आणि रविवारी डेव्हिड टॉम्स याच्यावर एका फटक्याने मात करून, एकूण २६० फटक्यांत, ती स्पर्धा जिंकली. पीजीए टूरवरील स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय होय. सोमवारच्या फेरीतून येऊन विजेता होण्याचा प्रकार त्यापूर्वी १९८६ मध्ये फ्रेड वॉड्सवर्थ याच्या बाबतीत घडला होता. या विजयामुळे अटवालला टूरचे सभासदत्व लगेच परत मिळाले.